वरणाचं पाणी नको, वरण द्या!

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरचं अन्न सुरू करायचं, हे आता बहुतेक आईबाबांना माहीत असतं. प्रश्न पुढे येतो. सुरुवात होते वरणाच्या पाण्याने, पातळ पेजेने, भाज्यांच्या सूपने, आणि महिना-दोन महिने गाडी तिथेच अडकते. 'कधी' हे कळलं, पण 'किती घट्ट' हे कुणी सांगितलंच नाही.

साधा हिशोब करून पाहा. बाळाच्या पोटात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण 30 मिली अन्न मावतं. म्हणजे 7 किलोच्या बाळाच्या पोटात जेमतेम 200 मिलीची जागा. ती पाण्याने भरली तर पोट भरेल, पोषण होणार नाही. डाळीतली प्रथिनं आणि लोह बहुतांश डाळीतच राहतात, वरच्या पाण्यात फारसं काही उतरत नाही. शिवाय जन्मतः मिळालेला लोहाचा साठा याच सुमारास संपत आलेला असतो.

"पण घट्ट पचेल का?" ही आजीची काळजी. पचतं! मऊ शिजवून घोटलेला वरण-भात किंवा खिचडी, त्यावर छोटा चमचाभर तूप. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही, इतपत घट्ट हवं. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करा आणि हळूहळू वाढवा. 6 ते 8 महिन्यांत दिवसातून 2-3 वेळा, 9 महिन्यांनंतर 3-4 वेळा. भाज्या, फळं, आणि चालत असेल तर नीट शिजवलेलं अंडंही द्या. पहिल्या वर्षात मध, साखर आणि मीठ नको. अंगावरचं दूध 2 वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवता येतं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बाळाचं वजन वाढलं नाही की सगळे आईला जाब विचारतात. पण वाटीत काय पडायचं, हे बऱ्याच घरांत ती एकटी ठरवत नाही. म्हणून ही माहिती एकट्या आईला देऊन भागणार नाही. 9 महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीला याल, तेव्हा आजीला आणि बाबांनाही बरोबर आणा. वजनाचा तक्ता सगळ्यांनी मिळून पाहा आणि बाळ काय खातं, किती घट्ट खातं, हे डॉक्टरांना न विचारता सांगा.