नदीत सोडलं तर सवाब मिळेल?

दोन वर्षांपूर्वी धाकट्याच्या हट्टामुळे आम्ही दोन इंचांचा सकर मासा आणला. काचेवरचं शेवाळ खाऊन टाकी साफ ठेवतो, असं दुकानदार म्हणाला. तो दीड फुटापर्यंत वाढतो, हे त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आता तो फूटभर झाला आणि दोन फुटी टाकीत त्याला धड वळता येईना.

"अब्बा, नदीत सोडू या. सवाब मिळेल," धाकटा म्हणाला. क्षणभर आम्हालाही पटलं. पण हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडच्या पाण्यातही तो टिकतो, वाढतो, काठ पोखरून बिळं करतो, इथल्या माशांच्या खाण्यात वाटेकरी होतो. त्याच्या काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. एकाला मोकळं करायचं आणि दुसऱ्यांच्या रोजीवर घाला घालायचा, ही कसली नेकी?

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आम्ही मुलांना किती वेळा सांगितली असेल! तरी घरातल्या मुक्या जिवाची अडचण दिसायला इतके दिवस लागले.

दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. शेवटी ओळखीतल्या एका गृहस्थांची मोठी टाकी मिळाली. टाकीतलंच पाणी झाकणाच्या बादलीत भरून मासा नेला. धाकटा वाटभर गप्प होता. घरी आल्यावर म्हणाला, "अब्बा, आणतानाच का नाही विचारलं, हा केवढा होतो ते?"

वाचकहो, जीव घरी आणणं म्हणजे अमानत स्वीकारणं. तो प्रश्न दुकानातच विचारा.