भाताशेजारची रिकामी जागा



गेल्या प्रायश्चित्तकाळात प्रवचन करताना मी आयांना जरा कडक शब्दांत सांगितले की, मुलांच्या हाती बिस्किटांचे पुडे देऊ नका. त्यांना उसळ द्या, पालेभाजी द्या, फळ द्या. मिस्सा संपल्यावर मोलमजुरी करणारी एक माऊली दारात थांबली. म्हणाली, "फादर, पाच रुपयांच्या पुड्यावर माझे पोर तासभर गप्प बसते. पाच रुपयांत भाजीवाला मला काय देईल, ते तुम्हीच सांगा." मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा चूक तिच्या संसारात नसून माझ्या प्रवचनात होती हे कळले.

हिशेब असा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाकाठी साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम कडधान्य, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळ व ३०० मिलीलिटर दूध हवे. चार माणसांच्या घराला महिन्याला ३० किलो धान्य, १० किलो कडधान्य आणि ४८ किलो भाजी झाली. मुले लहान असली तर थोडे कमी धरा, नुस्ते मिळाले तर डाळीतून काही वजा करा. आता रेशनकडे पाहा. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे ३० किलोंपैकी २० किलोंची सोय झाली. उपकार मोठाच, परंतु कडधान्य, भाजी, फळ, दूध हे सारे रोख पैशाने आणायचे. मजुरी बुडाली की प्रथम तेच तुटते. भात राहतो, भाताशेजारची जागा रिकामी होते.

त्याचा परिणाम रक्तात दिसतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक बालकांत आणि १०० पैकी ३९ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गोवा हे श्रीमंत राज्य म्हणवते. पोट भरलेले आणि रक्त फिके, अशी ही आपली गरिबी आहे.

आणि भाजी येते कुठून? बरीचशी चोर्ला घाट उतरून बेळगावहून. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर ती सवलतीत मिळते, हे चांगलेच. पण घाटापलीकडे पाऊस लांबला की डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात आपल्या बायका रिकामी पिशवी घेऊन फिरतात. इकडे आपली शेते पड आहेत. डिचोलीत खाणींचा गाळ कित्येक शेतांत उतरला. पेडणे महालात मोपाच्या विमानतळाचे २०२२ साली उद्घाटन झाले, आणि जमिनीकडे पिकापेक्षा किमतीच्या नजरेने पाहण्याची सवय लागली. शिवाय कूळ कायद्याची, विशेषतः १९७६ च्या दुरुस्तीची, धास्ती अजून अनेक भाटकारांच्या मनात आहे. शेत दुसऱ्याला कसायला दिले तर ते परत मिळणार नाही असे त्यांना वाटते. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. परंतु भीतीपोटी जमीन ओसाड ठेवायची आणि शेजारचे मूल फिके पडताना पाहायचे, हे आपल्या विश्वासात बसते का?

माझे मत स्पष्ट आहे. गरिबाला आहारावर उपदेश करण्याआधी त्याला तो आहार परवडेल असे काही आपण केले पाहिजे. सरकारने रेशनवर तांदळाबरोबर कडधान्य नेमाने द्यावे, ही मागणी आपण ग्रामसभेत मांडावी. आपल्याकडून होण्यासारखे तर आजच करावे. सरद भात कापल्यावर जमिनीत ओल असते. तिच्यावर कुळीथ, अळसांदे, मूग येतात, पाणी थोडे लागते आणि जमिनीला नत्रही मिळते. ज्यांची शेते पड आहेत त्यांनी कायदा जाणणाऱ्याला विचारून, कागद करून, एका हंगामापुरती तरी शेजाऱ्यासोबत भागीत पिकवावीत. प्रथम आपल्या इगर्जीने उदाहरण घालावे म्हणून इगर्जीमागची जागा भाजीसाठी खुली करण्याचा विषय मी पुढच्या सभेत ठेवणार आहे. कोणसाच्या फेस्ताला आपण नवी कणसे आशीर्वादासाठी आणतो. त्या आशीर्वादात शेत नसलेल्याचाही वाटा आहे.

आयांसाठी चार गोष्टी, या वेळी पैसे न लागणाऱ्या. मशिंगाचा पाला, अळू, पावसातला तायकिळा यांना कमी लेखू नका. तांबडी भाजी परसात किंवा फुटक्या बादलीतही येते. पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

त्या माऊलीला मी अजून पुरते उत्तर दिलेले नाही. "आमची रोजची भाकर" असे म्हणताना आपण "माझी" म्हणत नाही, "आमची" म्हणतो. तेव्हा उत्तर एकट्या पाद्रीने नव्हे, आपण साऱ्यांनी मिळून द्यायचे आहे.

प्रभूच्या सेवेत आपला,
धर्मगुरू