गोड बोलण्याला आदर म्हणू नये : गांधी आणि गोरा

१/
आस्तिक-नास्तिकांचा वाद पेटला की गांधी आणि गोरा यांची गोष्ट हमखास पुढे केली जाते, तीही दोन्ही बाजूंनी. श्रद्धाळू म्हणतात, पाहा, महात्म्याने नास्तिकालाही पोटाशी धरले. बुद्धिवादी म्हणतात, पाहा, गोरांनी महात्म्यालाच निम्मा नास्तिक करून सोडले. दोन्ही कथने असत्य आहेत. आणि सांगणाऱ्याला स्वतःत काहीच बदलावे लागत नसल्याने दोन्ही सोयीची आहेत.

२/
या गोष्टीचे मूळ सेवाग्रामच्या बरेच आधी, लंडनमध्ये आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ हे इंग्लंडमधील प्रख्यात निरीश्वरवादी. १८८० साली पार्लमेंटवर निवडून आले, पण शपथेच्या वादामुळे सभागृहात निर्वेधपणे बसता आले ते १८८६ मध्ये. हिंदुस्थानची बाजू तेथे नेटाने मांडणारा हा माणूस १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आला, तेव्हा प्रतिनिधींनी त्याचा मोठा सत्कार केला. त्या प्रतिनिधींत संध्या करणारे होते, नमाज पढणारे होते, अग्यारीत जाणारेही होते. पाहुण्याचा देव कोणता, हे विचारण्याची गरज कुणाला वाटल्याचे दिसत नाही.

३/
१८९१ मध्ये ब्रॅडलॉ वारले. कायद्याचे विद्यार्थी असलेले गांधी त्यांच्या अंत्यविधीला गेले होते. परतताना रेल्वे स्थानकावर एका कट्टर नास्तिकाने एका पाद्र्याला गाठले. पृथ्वीचा घेर इतक्या मैलांचा, हे मान्य ना? मग तुमच्या देवाचा आकार केवढा, आणि तो राहतो कुठे? पाद्री म्हणाला, तो तुमच्या-माझ्या हृदयात राहतो. नास्तिकाने तेही उडवून लावले. पाद्री गप्प राहिला.

४/
तर्काच्या तराजूत पाद्र्याचे उत्तर हलकेच होते. तरीही या संभाषणाने नास्तिकतेविषयीचा आपला पूर्वग्रह वाढला, असे गांधींनी आत्मकथेत नोंदवले आहे. ज्याच्यावर नेम धरला होता तो पाद्री जसा होता तसाच राहिला. बाजूला उभा असलेला एकवीस वर्षांचा श्रोता मात्र कायमचा दुरावला. आज दुसऱ्याच्या देवाची टवाळी करून विजय साजरा करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

५/
पण दोष एकाच बाजूचा नव्हे. डिसेंबर १९३१ मध्ये लोझान येथे गांधींनी ‘ईश्वर हे सत्य’ याऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे का म्हणू लागलो, ते सांगितले. त्या वेळी पुन्हा ब्रॅडलॉंचे नाव निघाले. ते स्वतःला नास्तिक म्हणवत, पण आपण त्यांना ईश्वराला भिणारा माणूसच म्हणू, असे गांधींचे म्हणणे. हे ऐकून ब्रॅडलॉंचा चेहरा लाल झाला असता, हेही त्यांनीच सांगून टाकले!

६/
हा प्रकार थट्टेइतकाच वाईट आहे. फक्त तो हसतमुखाने होतो. ‘तुम्ही मुळात आस्तिकच आहात, तुम्हाला ठाऊक नाही इतकेच’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, म्हणून ते आदराचे ठरत नाही. समोरच्याने आयुष्य वेचून, नोकऱ्या गमावून, घरादाराशी वैर पत्करून जे मत कमावले, ते त्याचे नव्हेच असे त्यात गृहीत असते. ‘तुमचा विज्ञानावर विश्वास, म्हणजे तीही श्रद्धाच’ हे त्याच वाक्याचे आजचे रूप.

७/
गोपराजू रामचंद्र राव, म्हणजेच गोरा. तेलुगू ब्राह्मण घरात जन्म, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक. नास्तिक मतापायी महाविद्यालयातील नोकरी गेली. १९४० मध्ये कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर येथे नास्तिक केंद्र काढले. काम अस्पृश्यतानिवारणाचे : सहभोजने, प्रौढशिक्षण, दलितवस्तीत राबता. १९३० मध्ये त्यांनी गांधींना ‘ईश्वर’ या शब्दाचा अर्थ विचारला होता. तो मानवी आकलनापलीकडचा आहे, असे उत्तर आले. १९४१ मध्ये भेट मागितली. उत्तर आणखी रोखठोक : नास्तिकता म्हणजे स्वत्वाचाच नकार, तिच्या प्रचारात कुणाला यश आलेले नाही, तुम्हाला मिळाले ते लोकांतल्या प्रामाणिक कामामुळे. भेटीला वेळ नाही.

८/
‘महात्म्याने पोटाशी धरले’ म्हणणारे हे पत्र वगळतात. दार उघडले ते १९४४ मध्ये, आणि ते कामामुळे उघडले. मुदुनूरचा एक सहकारी सेवाग्रामला राहून आला होता. त्याच्याकडून गांधींना तेथील कामाची हकीकत कळली होती. नोव्हेंबरअखेर गोरा वर्ध्याजवळच्या त्या आश्रमात पोहोचले. निरीश्वर माणसाशी काय बोलावे, अशा अर्थाने गांधींनी सुरुवात केली. गोरांनी तिथेच अडवले : निरीश्वरता हा नुसता अभाव, नास्तिकता ही भूमिका आहे.

९/
मग गोरांनी कलकत्त्याचा दाखला दिला. बंगालच्या दुष्काळात उपाशी माणसे मिठाईच्या आणि फळांच्या भरल्या दुकानांशेजारी प्राण सोडताना त्यांनी पाहिली होती. भुकेले जनावर तिथे असे मरते काय? माणूस मरतो, कारण उपाशी आणि पोटभर जेवलेला, दोघेही आपापली स्थिती दैवाची मानतात. राम ज्याच्या ओठी त्याच्या तोंडावर केलेला हा आरोप होता. त्याला साखर लावलेली नव्हती, आणि खिल्लीही नव्हती. स्थानकावरच्या नास्तिकाला देवाची लांबी-रुंदी मोजायची होती. गोरांना मेलेल्या माणसांचा जाब हवा होता.

१०/
गांधींचे उत्तर असे : माझी आस्तिकता बरोबर असे म्हणता येत नाही, तुमची नास्तिकता चूक असेही नाही; आपण सत्याचे शोधक आहोत, चूक दिसली की बदलतो. ‘तुम्हीही आस्तिकच’ ही १९३१ ची पळवाट इथे नाही. समोरचा स्वतःला जे म्हणवतो, ते त्याचे मत म्हणून मान्य आहे. यात नास्तिक होणेही नाही. गांधींची प्रार्थना अखेरच्या दिवसापर्यंत चालू राहिली.

११/
महाराष्ट्रात यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : नास्तिकांनी सौम्य बोलावे, म्हणजे संघर्ष होत नाही. नरेंद्र दाभोलकर सौम्यच बोलत. अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, हे ते सभांमधून पुन्हा पुन्हा सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. तेव्हा ‘भावना दुखावल्या’ हे कारण सौम्यतेच्या अभावाचे कधीच नव्हते; प्रश्न विचारला जाणे हेच दुखणे आहे. मोकळ्या प्रश्नाला जागा न ठेवता मागितलेला आदर ही खंडणी होय.

१२/
सेवाग्रामच्या संवादाची खरी कसोटी एका लग्नात लागली. गोरांनी थोरली मुलगी मनोरमा हिचा विवाह अर्जुनराव या दलित तरुणाशी ठरवला. गांधींनी तो आश्रमात लावण्याचे मान्य केले, आणि विधीतील ईश्वराचे नाव वगळून तेथे ‘सत्य’ घालण्यास संमती दिली. कुणी म्हणेल, गांधींच्या लेखी सत्य म्हणजेच ईश्वर, मग सोडले काय? आक्षेप खरा आहे. पण ज्याची प्रत्येक सायंकाळ रामनामाने सरत होती, त्याने स्वतःच्या आश्रमात ते नाव उच्चारायचे नाही असे ठरवले. वधूपित्यानेही, ज्याच्याशी देवावरून वाद, त्याच्याच अंगणात मुलीचे लग्न लावण्याचे ठरवले.

१३/
लग्नाआधीच ३० जानेवारी उजाडली. १३ मार्च १९४८ रोजी, रचनात्मक कार्यकर्ते सेवाग्रामी जमले असताना, तो विवाह ठरल्याप्रमाणे ईश्वराचे नाव न घेता लागला. गोरांच्या आठवणींचे पुस्तक १९५१ मध्ये निघाले, ते अहमदाबादच्या नवजीवन या गांधींनीच उभारलेल्या प्रकाशनसंस्थेकडून. प्रस्तावना लिहिली किशोरलाल मश्रूवालांनी. ते आस्तिक होते.