कडक कुत्रं की भेदरलेलं कुत्रं?

दिवाळीनंतर पंधरा दिवस माहेरी राहून आले. माहेर म्हणजे संगमनेर तालुक्यातली आमची वस्ती. आपल्या नगर जिल्ह्यात (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण सत्तरी ओलांडलेल्या जिभेला वळण लागायला वेळ लागतो) गावात घर असलं तरी बरेच लोक शेतातच वस्ती करून राहतात. चहूबाजूंनी ऊस, मध्ये घर, गोठा आणि दारात कुत्रं. भाऊ आता नाही. शेती भाचा बघतो. त्याने फोनवरच बजावलं होतं, "आत्या, फाटकाशी थांबूनच हाक मार. आपलं कुत्रं लई कडक आहे."

त्या 'कडक' या शब्दाशी माझं भांडण आहे. म्हणून आज लिहिते आहे. भाच्याला विचारून लिहिते आहे, त्यामुळे नातेवाईक मंडळींनी मला फोन करून "कशाला घरचं चव्हाट्यावर आणता" असं म्हणू नये.

कुत्र्याचं नाव वाघ्या. वय चौदा महिने. दीड महिन्याचं पिल्लू असताना आणलं आणि आणल्यापासून गोठ्याच्या खांबाला बांधलं, ते अजून तिथेच आहे. साखळी मी पावलांनी मोजली. माझी, म्हणजे म्हातारीची, साडेतीन पावलं. लहानपणी अंधाऱ्या खोलीत कोंडलं, भाकरीत मिरची घातली, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांनी खडे मारले तर "मारू द्या, त्यानेच तयार होतं" म्हणून सोडून दिलं. आपल्याकडे हे सर्रास चालतं. कुत्रं चिडकं झालं की राखण चांगली करतं असा समज आहे.

मी गेल्यावर चौथ्या दिवशी शेजारच्या रानात ऊसतोड चालू होती. तोडणीवाल्यांचा सहा-सात वर्षांचा पोरगा रिकामी बाटली घेऊन पाणी मागायला आला. वाघ्या भुंकायला लागला. पोरगा थबकला, घाबरला, आणि परत जायला म्हणून वळला. तो वळला त्याच क्षणी वाघ्या झेपावला. नेमकी त्याच दिवशी गळपट्ट्याची कडी निसटली. पोटरीला दोन दात खोल लागले.

जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, मग भाच्याने गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. लस सुरू झाली, जखम खोल म्हणून जखमेतही इंजेक्शन द्यावं लागलं. हे सगळं भाच्याने केलं, त्यात कसूर नाही. पण संध्याकाळी दोन वाक्यं ऐकली, ती अजून कानातून जात नाहीत. पहिलं त्या पोराच्या आईचं. ती फाटकाबाहेर उभी राहून मला म्हणाली, "बाई, पोराचंच चुकलं." आणि दुसरं आमच्या भाच्याचं. चहा पिता पिता म्हणाला, "झालं ते वाईटच झालं, पण आत्या, राखण करतंय बघ."

नाही रे बाबा, राखण नाही करत. ते घाबरलंय.

आमच्या वडिलांच्या वेळी याच वस्तीवर मोत्या होता. अनोळखी माणूस बांधावर दिसला की मोत्या उठायचा, पुढे जायचा, माणूस आणि घर यांच्या मधोमध उभा राहायचा. भुंकणं दमदार, सलग, शेपूट वर, अंग पुढे झुकलेलं. वडील बाहेर येऊन "या, बसा" म्हणाले की मोत्या बाजूला होऊन आडवा पडायचा, एक डोळा उघडा ठेवून. माणूस परत फिरला तर बांधापर्यंत सोडून यायचा आणि थांबायचा. मोत्या कुणाला चावल्याचं मला आठवत नाही. आणि रात्री वस्तीवर परकं पाऊल पडलेलंही आठवत नाही.

आता वाघ्या बघा. मी पंधरा दिवस ओसरीवर बसून दुसरं काही केलं नाही. माणूस दिसला की तो आधी मागे सरतो, मग पुढे येतो, पुन्हा मागे. शेपूट पोटाशी, कान मागे पडलेले, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसतात. भुंकणं चिरकं. आपण त्याच्याकडे तोंड करून उभे राहिलो तर लांबून थयथयाट, पाठ फिरवली की झेप. घरच्या सूनबाईने "अरे आपली आत्या आहे" म्हटलं तरी त्याला फरक पडत नाही. पाहुणा, दूधवाला, सहा वर्षांचं पोर, सगळे त्याला सारखेच.

राखण करणारं कुत्रं कशाची तरी राखण करतं. घराची, शेळ्यांची, पोरांची. त्याचं लक्ष मालकाकडे असतं, धोका टळला की ते थंड होतं. भेदरलेलं कुत्रं फक्त स्वतःची कातडी वाचवतं. त्याला पळायचं असतं, पण साखळीमुळे पळता येत नाही, म्हणून ते अंगावर येतं. मानेवरचे केस दोघांचेही उभे राहतात, दात दोघेही दाखवतात, म्हणून आपली फसगत होते. आणि एक खोच आहे. भेदरलेलं कुत्रं भुंकलं की समोरचा माणूस निघून जातो. दूधवाला तर रोजच निघून जाणार असतो, पण कुत्र्याला वाटतं आपण हाकललं. शंभर दिवस हेच झालं की ते मागे सरायचं सोडून थेट पुढे यायला शिकतं. तेव्हा ते बाहेरून शूर दिसतं आणि आपण मिशीवर ताव देतो.

नातवाने काही वाचायला शोधून दिलं. इंग्रजी अडलं तिथे शब्दकोश घेऊन बसले. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली कुत्र्यांच्या वागण्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जगाशी ओळख होते, त्या काळात जे भेटलं ते आपलं वाटतं आणि जे भेटलंच नाही त्याची पुढे भीती बसते, असं त्यात आहे. वाघ्याला त्यातले महत्त्वाचे आठवडे अंधाऱ्या खोलीत मिळाले. कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्यांवर रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून काम केलं. चांगल्या राखणदार कुत्र्याचे ते तीन गुण सांगतात: कळपाकडे लक्ष, विश्वासूपणा आणि संरक्षण. यात चावरेपणा कुठेच नाही. कुत्रं मध्ये येऊन भुंकलं, शिकाऱ्याचा डाव मोडला, की त्याचं काम झालं.

आणखी एक गोष्ट. राखणीची खरी समज कुत्र्याला दीड-दोन वर्षांचं झाल्यावर येते. त्यामुळे आठ महिन्यांचं पिल्लू पाहुण्यावर गुरगुरतं म्हणून ज्यांना कौतुक वाटतं, त्यांनी एकदा त्याच्या शेपटीकडे बघावं.

परदेशी दाखले नको असतील तर आपले मेंढपाळ बघा. पारनेर-संगमनेरच्या पठारावरचे धनगर पावसाळा संपला की कळप घेऊन बाहेर पडतात. त्यांची पिल्लं मेंढरांत आणि पोरांत लोळत वाढतात, रोज नवं गाव, नवी माणसं बघतात. दिवसा रस्त्याने तुम्ही त्या कुत्र्याच्या शेजारून चालत जा, ढुंकूनही बघणार नाही. रात्री त्यांच्या वाड्याकडे पाऊल टाकून बघा! याला म्हणतात राखण. कधी कुणावर जायचं हे ज्याला कळतं ते राखणीचं कुत्रं. खंडोबाच्या पायाशी आपण कुत्रं बसवलं ते याच कुत्र्याला बघून.

भाचा म्हणतो, "आत्या, तुला पुण्यात बसून बोलायला काय जातंय? इथे बिबट्या आहे." त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पलीकडे शिरूर तालुक्यात आणि आपल्या कोपरगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लेकरं गेली. भीती खरी आहे. पण मग बिबट्याचाच हिशेब करू. आपल्या अकोले भागात विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो हे तपासलं, तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या खाण्यात सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. त्यात पहिला नंबर कुत्र्याचा, ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्के, कारण शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात. म्हणजे साडेतीन पावलांच्या साखळीला रात्रभर उघड्यावर बांधलेलं कुत्रं हा पहारेकरी नाही. ज्याला पळताही येत नाही असं ते ताट आहे, आणि ते आपण आपल्याच दारात वाढून ठेवतो. बिबट्यापासून घर राखायचं असेल तर रात्री कुत्रं आत घ्या, शेळ्यांसारखं.

कायद्याचंही सांगते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं, दोन्ही गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. आणि आपल्या जनावरामुळे माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे "पोराचंच चुकलं" हे कायद्यालाही मान्य नाही.

ते वाक्य मला फार लागलं. मराठीत म्हण आहे, 'भीक नको पण कुत्रं आवर'. इतकी वर्षं मी ती वर्गात अर्थासह शिकवली, वाक्यात उपयोग करून घेतला. पण ती फाटकाबाहेरच्या माणसाची म्हण आहे हे कधी ध्यानात आलं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. प्रत्येक इंजेक्शनच्या दिवशी त्या घरच्या एका माणसाची हजेरी बुडाली. (ती भाच्याने भरून दिली. मी सांगितलं म्हणून नाही, स्वतःहून दिली.) आपल्या कडकपणाची किंमत नेहमी पाणी मागायला आलेलाच देतो. चोर काही फाटकावर हाक मारून येत नाही.

आता एक कबुली. मी चौतीस वर्षं शिकवलं, आणि सुरुवातीची बरीच वर्षं छडी वापरली. पाचवीत एक मुलगा होता, कुणी नुसतं शेजारून गेलं तरी हात उचलायचा. मी त्याला दांडगट ठरवलं आणि रोज मारलं. पुढे त्याचं घर बघितलं तेव्हा कळलं की तिथेही कुणी शेजारून गेलं की याला रट्टा बसायचा. दुसरा एक मुलगा लहान भावाला कुणी छळलं तरच मध्ये पडायचा. तोही मारामारीच. मी दोघांना एकच शिक्षा केली. वाघ्याकडे बघताना मला तो पहिला मुलगा दिसत होता. त्याची माफी मागायची राहून गेली.

मारून भीती जात नाही. मारलं की फार तर गुरगुरणं बंद होतं. आणि गुरगुरणं बंद झालेलं कुत्रं जास्त धोक्याचं, कारण सूचना न देता चावतं.

मग करायचं काय? भाच्याशी तीन दिवस भांडून जे ठरलं ते असं. पहिल्यांदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. कानात पू होता, गळपट्ट्याखाली जखम. दुखतंय म्हणूनही जनावर अंगावर येतं. साखळी काढून गोठ्यामागे जाळीचा आडोसा केला, पोरं पोहोचणार नाहीत असा. रात्री तो आत, दार लावून. पहाटे भाचा स्वतः लांब दोरीने बांधावरून फिरवतो, तोंडाला मुसकं घालून. (बैलाला घालतो तसं नाही, कुत्र्याचं, धापा टाकता येतील असं. आधी चार दिवस त्यात भाकर ठेवून सवय केली.) माणूस लांब दिसला की भाकरीचा तुकडा, आणि वाघ्या ताठरला की तिथूनच मागे फिरायचं. जबरदस्तीने जवळ न्यायचं नाही. पाहुण्यांनी त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. मारणं आणि मिरची बंद.

यातून वाघ्याचा मोत्या होईल असं मी म्हणत नाही. हरवलेले आठवडे परत येत नाहीत. लेकरांजवळ त्याला मोकळा कधीच सोडायचा नाही, हे भाच्याकडून देवासमोर वदवून घेतलं आहे. पण मी निघाले त्या सकाळी तो जाळीच्या कोपऱ्यात पाय पसरून झोपला होता. आल्यापासून मी त्याला तसा झोपलेला बघितला नव्हता.

ऊसतोडवाल्यांची टोळी अजून शिवारातच आहे. सूनबाई सांगत होती, आता पाण्याचा हंडा आणि पेला फाटकाबाहेर ठेवतो. पण तो पोरगा येत नाही. बांधाच्या पलीकडून लांबचा वळसा घालून दुसऱ्या वस्तीवर जातो.

असो. तुमच्या दारातलं कुत्रं कडक असेल, तर एकदा त्याची साखळी पावलांनी मोजा आणि मला कळवा.