पारा कुणाचंच ऐकत नाही

"ज्याचं त्याचं सत्य वेगळं," असं स्टाफरूममध्ये कुणी म्हटलं की मला आमच्या निफाडची थंडी आठवते. हुडहुडी ज्याची त्याची. पण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा कुणाचंच ऐकत नाही.

८ सप्टेंबर २००६. आपल्याच जिल्ह्यात मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले. मेले ते मुसलमान, पकडले तेही मुसलमान. "हेच असणार," ही अनेकांची समजूत. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. समजूत हेच सत्य असेल, तर ती दहा वर्षं ते गुन्हेगारच होते म्हणायचं का?

म्हणून दुबळ्याला समजूत नको, पुरावा हवा. आणि हीच मोजपट्टी आपल्या मोहल्ल्यातल्या अफवांनाही लावा.