ट्युनिसच्या वेशीवर

इब्न बतूताची ओळख मुलांना करून देताना आपण आकडे सांगतो. घर सोडल्यापासून परतेपर्यंत २४ वर्षे गेली, प्रवास एक लाख किलोमीटरच्या वर, दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाच्या पदरी काझी, आपल्या दौलताबादला आणि नंदुरबारलाही येऊन गेला. मुले डोळे मोठे करतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. यंदा उर्दूच्या तासाला आम्ही आकडे बाजूला ठेवले आणि नुसता ट्युनिसचा प्रसंग सांगितला. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "तो खरंच रडला?"

खरंच रडला. त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे.

हिजरी ७२५ च्या रजब महिन्यात, म्हणजे जून १३२५ मध्ये, मोरोक्कोतल्या टँजियर गावातून तो हजला निघाला. वय २१. आईवडील दोघेही हयात. संगतीला ना मित्र, ना काफिला. पुढे तिलिमसान शहरात ट्युनिसच्या सुलतानाचे दोन दूत परत निघालेले समजले आणि वाटेत तो त्यांना जाऊन मिळाला. त्या दोघांपैकी एक, ट्युनिसचे काझी, वाटेतच वारले. त्यांचा मुलगा बरोबर होता. बिजाया येथे इब्न बतूताला ताप भरला. बरे वाटेपर्यंत इथेच राहा, असे सोबत्यांनी सांगितले. तो ऐकेना. मौत यायचीच असेल तर हिजाजच्या वाटेवर येऊ दे, असा त्याचा हट्ट. (त्याची आई तिथे असती तर हा हट्ट किती टिकला असता, कोण जाणे!) तेव्हा दुसऱ्या दूताने, शेख जुबैदी यांनी, जनावर आणि जड सामान विकून टाकायला लावले आणि आपल्याकडचे जनावर व तंबू वापरायला दिला.

कुस्तुनतिनाला रात्री धो धो पाऊस झाला, कपडे चिखलाने भरले. दुसऱ्या दिवशी शहराच्या हाकिमाने ते पाहिले. कपडे धुवायला पाठवले आणि फाटक्या चादरीऐवजी बालबकच्या कापडाची नवी चादर दिली. तिच्या एका टोकाला दोन दिनार बांधलेले होते. परमुलखात मिळालेली ही पहिली मदत म्हणून त्याने ती लक्षात ठेवली. पुढे रस्ता धोक्याचा, थांबायची सोय नाही आणि ताप उतरलेला नाही. खाली पडू नये म्हणून त्याने पगडीच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतले आणि तसाच ट्युनिसपर्यंत आला.

वेशीबाहेर शहरातले लोक सामोरे आले होते. शेख जुबैदींना भेटायला गर्दी, काझींच्या मुलाला भेटायला गर्दी. जो तो आपापल्या माणसाला गळे लावतो आहे, खुशाली विचारतो आहे. वाटेत बापाला मूठमाती देऊन आलेल्या त्या मुलालाही जवळ घेणारे हात होते. इब्न बतूताला सलाम करायला मात्र एकही माणूस नव्हता, कारण त्याला ओळखणारेच कुणी नव्हते. आणि तिथे त्याचा बांध फुटला.

आम्हांला यात दोन गोष्टी विचार करण्यासारख्या वाटतात. ज्याने तापात तोंडातून हूं की चूं काढले नाही, तो इथे रडला. रस्त्यात सगळेच मुसाफिर असतात. एकटेपण कळते ते मुक्कामावर, इतरांचे नातेवाईक भेटतात तेव्हा. दुसरी गोष्ट अशी, की ही हकिगत त्याने सुमारे तीस वर्षांनी, पन्नाशी ओलांडल्यावर, फेझच्या सुलतानाच्या आज्ञेवरून इब्न जुजय या लेखनिकाला सांगितली. सुलतानांच्या पंगतीला बसून आलेला हा माणूस. हे अश्रू गाळून टाकणे त्याला सहज जमले असते. त्याने ते लिहू दिले. "मर्द होऊन रडतोस?" असे मुलांना दटावणाऱ्या घरांतून ही हकिगत एकदा वाचली जावी.

त्याला रडताना पाहून हाजींपैकी एकजण जवळ आला. सलाम केला, आपुलकीने चार शब्द बोलला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलतच राहिला. बस, एवढेच. पैसे दिल्याचा उल्लेख नाही, घरी नेल्याचा नाही. मुक्कामाला इब्न बतूता पुस्तकविक्यांच्या मदरशात गेला. ज्याने गावोगावच्या काझींची आणि शेखांची नावे नोंदवली, त्याने या माणसाचे नाव लिहिलेले नाही.

ईद-उल-फित्र त्याने ट्युनिसमध्येच केली. काही आठवड्यांनी तिथून हजचा काफिला निघाला तेव्हा त्या काफिल्याचा काझी म्हणून लोकांनी या पोरसवदा मुसाफिरालाच पुढे केले. वाटेत त्याने लग्नही केले, ते मोडलेही, पण तो विषय वेगळा.

पुढे तुर्कस्तानात लाधिक गावी त्याने अगदी उलट अनुभव घेतला. बाजारातून जाताना काही माणसे दुकानांतून उतरली आणि त्यांनी घोड्यांचे लगाम धरले. तेवढ्यात दुसरी टोळी आली. दोघांची जुंपली, काहींनी सुरेही काढले. लुटारूच भेटले, असे पाहुण्यांना वाटले. भाषा कळेना. शेवटी अरबी जाणणाऱ्या एका हाजीने उलगडा केला. हे सारे 'अखी' मंडळींचे जवान. मुसाफिरांची सरबराई हेच त्यांचे काम, आणि भांडण चालले होते ते पाहुणे आमच्याकडे उतरणार की तुमच्याकडे, यावरून! अखेर चिठ्ठ्या टाकल्या. पहिला मान अखी सिनानच्या मंडळींना मिळाला.

आमच्याकडे पाहुण्यासाठी सुरे निघत नाहीत, हे बरेच आहे. पण मुसाफिराचा हक्क आपल्याला नवा नाही. जकातीच्या आठ वाटेकऱ्यांत 'इब्न-उस-सबील' आहेच. शब्दाचा अर्थ 'वाटेचा पुत्र'. तो आपण जकातीचा हिशेब करतानाच आठवतो. गावात नव्याने आलेला बिहारी शिंपी, बदलीवर आलेल्या बाई, होस्टेलात पहिल्यांदा राहणारी मुलगी यांना बघून तो आठवत नाही.

रत्नागिरी-रायगडकडच्या किती घरांतून मुले आखातात गेली, हे वाचकांना आम्ही काय सांगावे? मुलगा निघतो तेव्हा आई लोणचे, कोकम, सुका जवळा बांधून देते. वडील कागदपत्रे तीनतीनदा तपासतात. विमान उतरले की "पोहोचलास?" "पोहोचलो." झाले, सगळे निश्चिंत. इब्न बतूताच्या घरच्यांना ही सोय नव्हती. वडील गेल्याची बातमी त्याला दमास्कसमध्ये कळली, ती पंधरा वर्षांनी. आई तर तो घरी पोहोचण्याच्या थोडेच आधी वारली. आजच्या आयांना फोन आहे. पण त्या "पोहोचलो" मध्ये मुलगा वेशीवर कुणाची वाट पाहत उभा आहे, ते ऐकू येत नाही.

आमचा एक माजी विद्यार्थी दोह्याला नोकरीला गेला. पहिल्या जुम्याला नमाज झाल्यावर मशिदीबाहेर उभा राहून आईशी आपल्या कोकणी बोलीत बोलत होता. सगळे ठीक आहे, जेवलो, असे सांगत होता. जेवलेला नव्हता. शेजारून जाणारे एक वयस्क गृहस्थ थांबले, फोन संपेपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, "कुठला रे तू? चल, जेवायला जाऊ." खाणावळ दाखवली, कुठली बस धरायची ते सांगितले, बस येईपर्यंत सोबत थांबले.

सुट्टीवर आला तेव्हा हे सगळे त्याने आम्हांला रंगवून सांगितले. त्या गृहस्थांचे नाव काय, असे आम्ही विचारले. तेवढे विचारायचे राहून गेले, म्हणाला.