पोलिसाची निवृत्ती आणि घराचा प्रश्न

ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ साली स्थापन झाले. कल्याण-डोंबिवलीपासून बदलापूरपर्यंतचा टापू त्याच्या कक्षेत येतो. येथील शिपाई वा हवालदार अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त होतो, तेव्हा वेतनापाठोपाठ सरकारी निवासस्थानही त्याच्या हातून जाते. निवृत्तीच्या नियोजनाची चर्चा बहुधा गुंतवणुकीच्या अंगाने केली जाते. पोलिसाच्या बाबतीत ती घरापासूनच सुरू करावयास हवी. पोलीस लाइनीत राहणाऱ्यास घरभाडे भत्ता मिळत नाही. म्हणजे जागेचे मोल तो तीस-पस्तीस वर्षे मोजतच असतो. पण मालकीची एक वीटही त्यातून उभी राहत नाही. मूळ गाव साताऱ्यात वा खानदेशात असले, तरी मुलांची शिक्षणे आणि नोकऱ्या इकडेच रुजलेल्या असतात.

मग घरासाठी पैसा येतो कोठून? १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना जुनी योजना लागू आहे. समजा, अखेरचे मूळ वेतन ६० हजार रुपये आहे. तर निवृत्तिवेतन ३० हजार व त्यावर महागाई भत्ता. त्यातील ४० टक्के, म्हणजे दरमहा १२ हजार, अंशराशीकरणाने विकता येतात आणि सुमारे १२ लाख रुपये एकरकमी मिळतात. पंधरा वर्षांत मात्र २१ लाख ६० हजारांची कपात होते. ही लूट आहे, अशी तक्रार निवृत्तांत सार्वत्रिक आहे. ती खरी नव्हे. व्याजाचा दर पावणेनऊ टक्क्यांच्या आतबाहेर पडतो, महागाई भत्ता पूर्ण निवृत्तिवेतनावर मिळत राहतो, आणि मृत्यू ओढवल्यास उरलेली कपात कुटुंबाच्या माथी बसत नाही. साठीच्या उंबरठ्यावरील माणसाला असे कर्ज कोणती बँक देईल?

खरा धोका ही रक्कम कोठे जाते, यात आहे. अंशराशी आणि उपदान एकत्र केले, तरी स्थानकाजवळचे अधिकृत घर आवाक्याबाहेरच राहते. मग पावले स्वस्त इमारतींकडे वळतात. बनावट परवानग्यांच्या आधारे ‘रेरा’ची नोंदणी मिळविलेल्या कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यांतील सदनिकाधारकांनी पैसे मोजले होते, बँकांनी कर्जेही दिली होती. (अशा पाडकामाला बंदोबस्त पोलिसांचाच असतो, हा आणखी एक योग.)

२००५ नंतरच्यांपुढे प्रश्न अधिक बिकट आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जमा निधीच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम हाती येते; उरलेल्या निधीच्या वार्षिकीवर महागाई भत्ता नाही. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या योजनेसाठी संप केला. पोलिसांना कायद्याने संपाची मुभा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एकीकृत योजनेस मान्यता दिली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी हा तिचा गाभा. बिनघराच्या माणसाला मोठ्या रकमेचा मोह पडणे स्वाभाविक आहे; पण हमीचे मासिक उत्पन्न सोडून संशयास्पद सदनिका पत्करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

म्हणून घराचा निर्णय पंचेचाळिशीतच, नियमित पगारावर कर्ज मिळत असतानाच व्हावयास हवा. बयाणा देण्यापूर्वी बांधकाम परवानगीचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून पाहणे हे कागदपत्रे तपासण्याची सवय असलेल्या या माणसाला अवघड नाही. त्यासाठी लागणारी सवड मात्र साप्ताहिक सुटीच्या दिवशीच मिळते, आणि ती सुटी बंदोबस्तापायी वरचेवर रद्द होते.